फिकट पतंगाला चौकट

दिग्रस
रविवार, १४ जुलै २०१९

प्रिय जेबा,

सप्रेम जयभीम. तू खुशाल असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू खुशाल आहेस हे साऱ्या दिग्रसला माहीत आहे. परवा आमची पाण्याची मोटार जळाली म्हणून गफ्फारचाचांच्या दुकानात टाकली, तर मोटारीला काय झालं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि हैदराबादला आपल्या लेकीच्या ऑफिसच्या खिडकीतून काय काय दिसतं ते अर्धा तास. सातवा मजला म्हणे. लिफ्टमध्ये आरसा आहे म्हणे. मी आपली हो हो करत उभी.

पत्र बघून तू हसशील. फोन असताना ही बाई कागद कुठून काढून बसली! पण फोनवर तुझा आवाज आला की मी गोड गोड बोलायला लागते. 'कशी आहेस गं, जेवलीस का, आठवण येते.' आपोआप निघतं तोंडातून. ठेवला की स्वतःचाच राग येतो. लिहिताना हात जरा खरा राहतो, म्हणून हा खटाटोप.

इकडचं सांगते. जिनिंगच्या गोदामावरचा आपला हॉल जिथल्या तिथे आहे. मधला पंखा अजून टकटक करतो. तुझ्या खुर्चीवर शीला बसते आणि दर दोन तासांनी म्हणते, ही खुर्ची लकी आहे. तू एप्रिलमध्ये गेलीस तेव्हा अतुल सरांनी तपासणीचं काम माझ्याकडे दिलं. सोळा बायकांनी केलेला प्रत्येक फोटो आता माझ्या डोळ्यांखालून जातो. सगळ्या म्हणतात, सत्यभामाला जेबाची जागा मिळाली. माझी जागा असं कुणी म्हणत नाही.

नवीन एक बाई आली आहे, रुपीबाई. तांड्यावरून येते. चाळिशीची असेल, मुलीबरोबर दहावीला बसली आणि मुलीपेक्षा जास्त मार्क घेऊन आली. पहिल्या दिवशी माउस हातात धरून मला विचारते, "बाई, मेलेल्या किड्यायले डबे कायले करून राह्यलो आपण?"

मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं, तू मला सांगितलं होतंस तसं. शेतकरी कापसाच्या पऱ्हाटीत कामगंध सापळा लावतो. त्यातल्या मादीच्या वासाच्या गोळीनं गुलाबी बोंडअळीचे नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. रोज सकाळी पिशवी पांढऱ्या कागदावर ओतायची, फोटो काढायचा, पाठवायचा. आपण फोटोतल्या एकेका पतंगाभोवती चौकट ओढायची. अशा हजारो चौकटी बघून मशीन स्वतःच पतंग ओळखायला शिकतं. मग मोबाईलच मोजून सांगेल. सलग तीन दिवस आठाच्या वर गेले तर फवारा, नाहीतर पंपाला हात लावू नका.

सगळं ऐकून रुपीबाई म्हणाली, "म्हंजे मशीन अंगणवाडीत हाय अन् आपण मास्तरीण." साऱ्या हॉलभर हसू. तू असतीस तर ते वाक्य लिहून घेतलं असतंस आणि पुढच्या मीटिंगला सांगितलं असतंस.

हो, तुझी नियमपुस्तिका आम्ही छापून भिंतीवर लावली आहे. चौथा नियम लाल अक्षरात: पतंग ताजा असो की फिकट, अख्खा असो की पंख झडलेला, प्रत्येकाला चौकट, मनानं काही सोडू नये. आम्ही तो अगदी अक्षर न् अक्षर पाळतो. एकही फिकट पतंग मी कुणाला सोडू देत नाही. रुपीबाईनं एक-दोनदा कुरकुर केली, तिला मी गप्प केलं. तुझा शब्द म्हणजे शब्द.

पेपरात तुझा फोटो आला होता तो शीलानं कापून कपाटाला चिकटवला आहे. 'बोंडअळीला ओळखणारी दिग्रसची लेक'. त्या फोटोत तुझ्या डाव्या बाजूला हिरव्या बांगड्यांचं एक कोपर दिसतं. ते माझं आहे. मी तुला आठवण करून देत नाही, सहज लिहिलं.

आमच्या धर्मपालांची ड्युटी सध्या एसटीच्या पुसद गाडीवर आहे. ड्रायव्हरचा स्वभाव, घरीसुद्धा बोलताना पुढे बघून बोलतात. तुला नमस्कार सांगितला आहे.

तुझी
सत्यभामा


दिग्रस
रविवार, ११ ऑगस्ट २०१९

प्रिय जेबा,

सप्रेम जयभीम, आणि उद्याची ईद मुबारक. तू येणार नाहीस हे तुझ्या अम्मीकडून कळलं. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आहे. दरवर्षी तू वाढायचीस, या वर्षी मी वाढीन बहुतेक. बघ, तिथेही तुझ्याच जागेवर.

माझ्या पत्राला तू चार ओळींचा मेसेज पाठवलास. शेवटी हसरं तोंड. तुला वेळ नसतो हे मला कळतं. बुधवारी तू आम्हा सगळ्यांना पडद्यावर दीड तास दिलास ना, तोच खूप झाला.

त्याच बुधवारबद्दल लिहायचं आहे. 'स्वतःचं नेतृत्व स्वतः करू या' असं मोठ्या अक्षरात आलं पडद्यावर, खाली डोंगरावर उभ्या बाईचं चित्र. आपल्याकडे डोंगर कुठे आहे गं? मग तू आलीस. केस मोकळे, कानात लहान मोती. चांगली दिसत होतीस. मी मागच्या रांगेत बसले होते. तू म्हणालीस, नवीन तंत्रज्ञानात काम करणाऱ्या बाईला कुणी नाव घेऊन बोलावणार नाही, तिला स्वतःच उठावं लागतं. आपल्याला काय दिसलं ते बोलून दाखवावं लागतं. चूक झाली तर आपली म्हणावी लागते, बरोबर आलं तरी आपलं म्हणावं लागतं. शीला मान डोलावत होती. रुपीबाई वहीत उतरवून घेत होती.

आणि मग तू लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितलीस.

"एक दिवस डबा खाताना लक्षात आलं," असं म्हणालीस. कुणाच्या लक्षात आलं, जेबा? घाटंजीकडच्या एका शेतकऱ्यानं लग्नपत्रिकेच्या पाठीवर पतंग ओतून फोटो काढले होते. मागच्या छपाईची लाल नक्षी कागदातून दिसत होती. पाच दिवसांचे पाच फोटो, पाचही सारखे. एकच फोटो माणूस रोज पाठवत होता आणि आपण रोज त्याच्याभोवती चौकटी ओढत होतो. ते कुणी पाहिलं? मी पाहिलं. ज्वारीची भाकर मोडता मोडता मी तुला सांगितलं. तू दुसऱ्या दिवशी बसून असे दोनशे फोटो शोधलेस आणि यादी हैदराबादला धाडलीस. पुढे तू गुणवत्ता प्रमुख, तू सातव्या मजल्यावर, तू पेपरात.

बुधवारी ते सांगताना तू कॅमेऱ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, आता नाव घेईल. आता घेईल. शेवटी तू म्हणालीस, "काही प्रश्न?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी तपासणीस म्हणून. मी म्हटलं, "प्रश्न नाही मॅडम, खूप छान."

मॅडम म्हटलं मी तुला.

जळते मी. लिहून टाकते, म्हणजे सुटेल. तू हैदराबादला गेलीस म्हणून नाही, मला तिथे जायचंही नाही, सासूबाई आहेत, पोरीची शाळा आहे. तू बोलतेस आणि लोक ऐकतात, म्हणून जळते. तुझं मराठी माझ्याहून कच्चं, शेताचं तुला काही माहीत नाही. पऱ्हाटीला फूल पिवळं येतं की पांढरं हे तू मला विचारलं होतंस. आणि तू नियम लिहितेस अन् मी पाळते.

पुस्तिकेच्या नवव्या पानावर 'चुकीचं काम' म्हणून एक फोटो दिला आहेस. चौदा पतंग, पाचालाच चौकट, बाकीचे सोडलेले. खाली कामगार क्रमांक सात. हॉलमध्ये सातवा क्रमांक कुणाचा हे पाणी भरणाऱ्या बाईलासुद्धा माहीत आहे. मी ते नऊ पतंग का सोडले हे तू एकदाही विचारलं नाहीस. फोन करायचा होता. नाही केलास.

असो. चाळीस गावांत मोबाईलचं मोजणं सुरू झालं, तुला माहीतच आहे. माझ्या आईचं गावही आहे त्यात. आई फोटो काढायला शिकली. भीमराजदादाच्या फोनवरून काढते, काढताना श्वास रोखून धरते. पहिल्या दिवशी तिचा अंगठाच आला फोटोत, आणि मशीननं शून्य सांगितलं.

उद्या तुझ्या घरी जेवून येईन. तुझ्या अम्मीला सांगेन की जेबा आमची फार काळजी घेते.

तुझी
सत्यभामा


दिग्रस
मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

जेबा,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. रागावली असशील. रागावण्याजोगं मी त्यात अर्धंच लिहिलं होतं, बाकीचं आज लिहिते. शांतपणे वाच, किंवा नको वाचूस शांतपणे.

शुक्रवारी पोळा होता. हॉल बंद, म्हणून पोरीला घेऊन आईकडे गेले. आर्णीला गाडी बदलून पोचेपर्यंत दुपार. आमच्या घरी पूजाबिजा नसते, पण बैल तर आहेत. दादानं त्यांना नाल्यावर नेऊन धुतलं होतं आणि आई त्यांच्यासाठी पुरणाच्या पोळ्या करत होती. गेल्या गेल्या दादानं कौतुकानं फोन पुढे केला. सकाळीच मेसेज आला होता: 'तुमच्या शेतात तीन दिवसांपासून पतंगांची संख्या धोक्याच्या पातळीवर. फवारणी करा.'

"पाह्य," दादा म्हणाला, "तुह्या मशीनचा निरोप."

मी वाचला. वाचून फोन परत दिला आणि म्हटलं, पोळ्या छान झाल्या आहेत.

भीमराजदादाचं तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी फवारताना त्याला विष चढलं. यवतमाळला दवाखान्यात अकरा दिवस होता. चौथ्या दिवशी त्यानं मला ओळखलं नाही. अजून उजव्या डोळ्यानं त्याला धूसर दिसतं. तरी फवारायला तोच जातो. वावर त्याचं आहे, दुसरं कोण जाणार?

शनिवारी सकाळी उठून बाहेर आले तर तो पंप धुऊन, औषधाची बाटली काढून, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधत होता. मी म्हटलं, "दादा, नको जाऊ. फवाऱ्याची गरज नाही."

"काहून? मोबाईल म्हन्ते ना."

"मोबाईल चुकून राह्यला."

"असा कसा चुकन? म्या तं गावात सगळ्यायले सांगतलं, माही बहीण शिकवते त्याले."

"म्याच शिकवलं, दादा. म्याच चुकीचं शिकवलं त्याले."

त्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं. आई चुलीपाशी होती, ती उठून आली. तशीच वावरात जाऊन सापळ्याची पिशवी घेऊन आली, अंगणात कागद पसरला, त्यावर पिशवी ओतली. एकवीस पतंग. झाडूची एक काडी घेऊन तिनं तीन बाजूला सारले. काळसर-तपकिरी, अंगावर बारीक खवले असलेले. "हे आजचे," ती म्हणाली. उरलेले अठरा फिकट, घासल्यासारखे, काहींचे पंख झडलेले. "हे आठवड्याचे. शनवारी साहेब येते, त्याले दाखवा लागते."

आता तुला कळलं असेल. तुझी ऑफिसातली माणसं आकडे बघतात, म्हणून त्यांना कळणार नाही. तू शेत पाहिलेलं नाहीस, म्हणून तुलाही कळलं नाही. आपल्या कंपनीचा फिरतीवरचा माणूस दर शनिवारी गावात येतो. गेल्या वर्षी लोक मोजून पतंग फेकून द्यायचे, तर तो म्हणायचा, पतंग दाखवा, नाहीतर सापळा लावलाच नाही असं लिहीन. तेव्हापासून आई मोजून झालं की, आणि आता फोटो काढून झाला की, कागदाची घडी करून सगळे पतंग परत पिशवीत टाकते. सारं गाव टाकतं. रविवारी तीन, सोमवारी सहा, मंगळवारी नऊ, पुढे वाढतच. गुरुवारी तीन दिवस भरतात आणि शुक्रवारी फवाऱ्याचा निरोप जातो. शनिवारी साहेब बघून जातो, पिशवी रिकामी होते, आणि रविवारपासून पुन्हा पहिल्यापासून.

मी हे पहिल्यापासून जाणत होते. म्हणून मी फिकट पतंग सोडत होते. पान नऊवरचे ते नऊ जुने होते, जेबा. माझं काम बरोबर होतं. पण का सोडते हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, कुणीतरी विचारेल. विचारलं की सांगेन. तुम्ही मोठी माणसं, तुम्हाला गरज असेल तर याल माझ्यापाशी.

मे महिन्यात तुझी पुस्तिका आली. चौथा नियम वाचला तेव्हाच मला समजलं की यानं काय होणार. मग पान नऊ उघडलं, माझा क्रमांक पाहिला. आणि मी ठरवलं की हा नियम आपण असा पाळायचा की एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये. सोळा बायकांना मी फिकट पतंगाला चौकट ओढायला लावली. रुपीबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "बाई, हा तं कालचा हाय, याले काहून मोजता?" कापूस पिकवणारी बाई आहे ती, तिला एका नजरेत दिसलं. मी तिला म्हटलं, नियम आहे, वर डोकं लावायचं नाही. ती बिचारी गप्प बसली. पहिल्या पत्रात तुला मी ते विनोदासारखं लिहिलं होतं.

मनात काय होतं तेही लिहिते. एक दिवस तुझ्या ऑफिसात कुणीतरी विचारेल, हा नियम कुणाचा? आणि तुला उभं राहावं लागेल. एवढंच चित्र मी रोज बघायची. जेवताना बघायची, भांडी घासताना बघायची. त्या चित्रात शेत नव्हतं, पंप नव्हता. मी विचार तिथपर्यंत जाऊच दिला नाही. आईचं गाव यादीत आलं तेव्हाही नाही. शुक्रवारी मेसेज वाचला तेव्हासुद्धा मी पोळी खात बसले, हे तुला सांगायला हवं.

आईनं अंगणातच मला विचारलं, "जाणून केलं का नजाणता?"

"जाणून."

मला वाटलं मारेल. तिनं कागद उचलला, पतंग झटकले, आणि म्हणाली, "मंग इथं काय बसली? साडेनऊची गाडी हाय."

दादा फवारायला गेला नाही. बाकी एकोणचाळीस गावांत त्या शनिवारी किती जणांनी पंप पाठीवर घेतला, मला माहीत नाही. त्याआधीच्या शुक्रवारीही निरोप गेलेच असतील. कुणाला काही झालं का तेही माहीत नाही. तीन रात्री याच विचारानं डोळा लागला नाही.

शनिवारी हॉल दुपारीच बंद, परवा रविवार, काल चतुर्थीची सुट्टी. आज सकाळी हॉलमध्ये गेले आणि सगळ्यांना उभं राहून सांगितलं. बसून सांगता आलं असतं, पण उभी राहिले, म्हणजे मध्येच थांबता येणार नाही. शीला रडायला लागली, का ते तिलाही माहीत नसावं. रुपीबाई म्हणाली, "याडी, माय वो! म्या म्हनली होती ना बाई तुम्हाले." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफी ठेवा, आता काय करा लागते ते सांगा."

तेव्हा मी सांगितलं. फिकट पतंगाला वेगळी चौकट, वेगळं नाव: जुना. मशीनला दोन्ही शिकवायचे, मोजायचे फक्त ताजे. मेपासूनचे सगळे फोटो पुन्हा. अतुल सर म्हणाले, थांबा, हैदराबादला विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा सर, तोवर आम्ही सुरू करतो. ते माझ्याकडे बघतच राहिले. मीही जरा बघत राहिले म्हण ना.

मग अकरा वाजता मी हैदराबादच्या मोठ्या ऑफिसला मेल केली. मराठीत. इंग्रजी जुळवत बसले असते तर आठवडा गेला असता. लिहिलं की चौथा नियम चुकीचा आहे, का चुकीचा आहे, दर शुक्रवारीच निरोप का जातात ते तपासून पाहा, आणि आधी चाळीस गावांचे निरोप बंद करा. लिहिलं की मला हे मेपासून माहीत होतं, मी मुद्दाम बोलले नाही. खाली माझं पूर्ण नाव, गाव. साडेतीनला उत्तर आलं. निरोप थांबवले आहेत. उद्या अकराला बैठक, तुम्ही आणि जेबा दोघींनी हजर राहावं.

तुला आधी फोन करायला हवा होता, कळतं मला. नियम तुझा आहे, तुला खोलीत बोलावतील, मी वरून मेल टाकली. पण तुला आधी सांगितलं असतं तर तू दहा मिनिटांत माझ्याहून नीट लिहून काढलं असतंस. खाली दोघींची नावं टाकली असतीस, तू टाकली असतीसच, आणि मी म्हटलं असतं, असू दे गं, तुझंच राहू दे. आणि मग वर्षभर कुढत बसले असते. तेव्हा हे मी दादासाठी केलं की तुला लागावं म्हणून केलं, असं विचारशील, तर दोन्ही. मला ते वेगळं काढता येत नाही.

आणखी एक राहिलं. लग्नपत्रिकेचं. मी तुला डबा खाताना सांगितलं हे खरं, पण पुढचं मी मागच्या पत्रात गाळलं. तू लगेच माझा हात धरला होतास. "चल सत्या, दोघी मिळून लिहू. बहुत झालं तर नाही म्हणतील." मी म्हटलं, आपल्याला कोण विचारतंय. संध्याकाळी तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, माझं नाव घालू नको, नसती कटकट मागे लागेल. तू माझं काही घेतलं नाहीस, जेबा. त्या बुधवारी पडद्यावर नाव घेतलं नाहीस कारण मीच तुला घेऊ नको म्हटलं होतं. हे मी स्वतःलासुद्धा सहा महिने आठवू दिलं नाही.

तरी जळते. आज मेलचं उत्तर आलं तेव्हा त्यात तुझं नाव माझ्याआधी असेल का हे मी पहिल्यांदा पाहिलं. अशी आहे मी. बदलेन असं लिहीत नाही, लिहिलं तर तू खरं मानशील.

पोस्ट पाच वाजता बंद होतं, म्हणून आटोपते. हे पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर ती बैठक होऊन गेलेली असेल. साहेब लोक तुलाच विचारतील, नियम तुझा म्हणून, आणि सगळं तुझ्यावर ढकललं की त्यांचं काम सोपं होईल. मी तेव्हा मध्ये बोलायचं ठरवलं आहे. जेबानं विचारलं नाही हे जितकं खरं, तितकंच मी सांगितलं नाही हेही, असं म्हणायचं आहे. वाक्य चार वेळा म्हणून पाहिलं. पण मला मी ओळखते. पडद्यावर तुझी मान खाली गेलेली दिसली, तर त्या क्षणी मला बरं वाटेल, आणि बरं वाटलं की माझं तोंड बंद होतं. आत्ता, हे लिहिताना, मी बोलले की नाही हे मला ठाऊक नाही. वाचताना तुला ठाऊक असेल.

बोलले असेन तर तुझी,
आणि नसेन तर नुसती
सत्यभामा